राजनिष्ठ लेखन, गोव्यातील (सालाझार-काळ)

पंतप्रधान सालाझार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगालमधील हुकूमशाहीच्या काळात गोव्यातील पत्रकार, साहित्यिक व विद्वान यांनी राजवटीला लेखणीने अथवा मौनाने दिलेली साथ. या कालखंडाचा शेवट १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याने निश्चित आहे. आरंभाविषयी मात्र मतभेद आढळतात. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावानंतर लवकरच पोर्तुगालमध्ये वृत्तपत्रांची पूर्वतपासणी सुरू झाल्याने काही अभ्यासक ते वर्ष धरतात. तिला नव्या राज्यघटनेच्या चौकटीत बसवणारा हुकूम ११ एप्रिल १९३३ चा असल्याने इतर ते मानतात. गोव्यापुरते १९३० अधिक ग्राह्य वाटते, कारण वसाहती बाळगणे व तेथील लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे कार्य असल्याचे त्या वर्षीच्या वसाहत कायद्याने घोषित केले आणि गोव्यातील पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडून त्याला जाहीर विरोध केला. लिहिणाऱ्याला बाजू घेणे तेव्हापासून टाळता येईना.

छपाईपूर्वी मुद्रिते सेन्सॉरकडे जात आणि अंकावर तपासणी झाल्याची ओळ छापावी लागे. काटलेल्या मजकुराची जागा कोरी ठेवण्यास मनाई असल्यामुळे वाचकाला काटछाट दिसत नसे. म्हणूनच त्या काळातील गुळगुळीत अग्रलेखावरून संपादकाची संमती गृहीत धरणे धोक्याचे ठरते. १९३६ च्या हुकुमाने सरकारी नोकरीसाठी घटनेने प्रस्थापित समाजव्यवस्थेशी निष्ठा आणि साम्यवादाचा धिक्कार लेखी जाहीर करणे सक्तीचे केले. पोटासाठी केलेली ही सही आणि हौसेने गायिलेली स्तुती यांत फरक केलाच पाहिजे. मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये सुशिक्षित गोवेकरांच्या अराष्ट्रीयीकरणावर, म्हणजे स्वतःच्या राष्ट्रीयत्वापासून तुटण्यावर, कठोर टीका केली. १९४६ मध्ये त्यांना अटक करून पोर्तुगालमधील तुरुंगात धाडण्यात आले.

विद्वानांची साथ अधिक सूक्ष्म होती. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयरे यांनी १९५१ मध्ये पणजीच्या वास्को द गामा संस्थेत उष्ण कटिबंधातील पोर्तुगीज संस्कृतीच्या वेगळेपणाचा सिद्धांत मांडला आणि वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणणाऱ्या राजवटीने तो पुढे आपल्या समर्थनार्थ वापरला. याउलट भूगोलतज्ज्ञ ओर्लांदु रिबैरू यांनी १९५६ च्या पाहणीनंतर गोव्यात पोर्तुगीज ठसा फार कमी असल्याचे सरकारला स्पष्ट कळवले. तो अहवाल गोपनीयच राहिला; १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खरे सांगून ते दडू देणे हीही साथच होय, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

मराठी लेखकांना मुंबई-पुण्याचे छापखाने व वाचक उपलब्ध असल्याने लिस्बनच्या मर्जीची गरज कमी होती. केप्याच्या ‘भारत’ पत्राचे संपादक गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी खटले सोसले, कवी बा. भ. बोरकर १९४६ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून मुक्तिलढ्यात उतरले.