पाहुणा कलाकार वेगळा, नावासाठी आणलेला चेहरा वेगळा

मालिकेच्या एखाद्या भागात ओळखीचा चेहरा दिसला की लोकांची बोली ठरलेली असते. भाग आवडला तर ‘गेस्ट रोल भारी होता’, नाही आवडला तर ‘टीआरपीसाठी स्टंट केला’. एकाच गोष्टीला दोन नावं, एक कौतुकाचं आणि एक शिवीचं. हा घोळ इतक्या वेळा वाचला आहे की आता तो नीट सोडवायलाच हवा. भंडारा-गोंदियापासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंतच्या प्रेक्षकाने तर हा घोळ करूच नये, कारण यातली एक गोष्ट तो दर हिवाळ्यात तिकीट काढून पाहतो.

ती आधी उरकून घेऊ. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची नाटक कंपनी ठरते, गावचौकात पोस्टर लागतं. त्यावर नाटकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात मुंबई-पुण्याच्या नटीचं नाव, फोटो, वर ‘सिनेस्टार’ नाहीतर ‘टीव्ही स्टार’. ते नाव कशाला छापलं, हे झाडीपट्टीत, म्हणजे याच चार जिल्ह्यांच्या भागात, कोणाला सांगावं लागत नाही. शेजारच्या गावातही त्याच रात्री नाटक असतं आणि मंडळाला पेंडॉल भरायचा असतो. टीव्हीच्या धंद्यात याला स्टंट कास्टिंग म्हणतात. भूमिकेला कोण शोभेल ते मागून, नावावर किती लोक येतील ते आधी.

पण तीच नटी रंगमंचावर काय करते ते बघा. ती एका प्रवेशापुरती येऊन हात हलवून जात नाही. नायकाची बायको असेल तर पहिल्या अंकात लग्न, दुसऱ्यात छळ, तिसऱ्यात कोर्ट, असं पहाटेपर्यंत सगळं तिला निभवावं लागतं. ती पाहुणी कुठे आहे? ती तर मुख्य भूमिकेत आहे. उलट एका प्रवेशातल्या फौजदारासाठी कंपनीने बाहेरचा एखादा हौशी नट बोलावला, तर तो खरा पाहुणा, आणि त्याचं नाव पोस्टरवर कुठेच नसतं.

सगळा गुंता इथेच सुटतो. पाहुणा कलाकार ही मुदतीची गोष्ट आहे: हा माणूस मालिकेत किती भागांपुरता आला? स्टंट कास्टिंग ही हेतूची गोष्ट आहे: याला कशासाठी आणलं? एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही. म्हणून ‘गेस्ट रोल की स्टंट?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि दोन्ही नसूही शकतं.

अमेरिकन सिटकॉममध्ये, म्हणजे विनोदी मालिकांत, हे स्वच्छ दिसतं. तिथल्या टीव्हीच्या एमी पुरस्कारात पाहुण्या कलाकारांचा गट वेगळा आहे, आणि २०१५ पासूनचा नियम असा की त्या वर्षीच्या निम्म्यापेक्षा कमी भागांत काम केलेलं असावं. नियमात प्रसिद्धीचा विषयच नाही. ‘साइनफेल्ड’मध्ये नोव्हेंबर १९९५ च्या एका भागात सूप विकणारा तिरसट दुकानदार येतो. रांगेत कोणी वावगं बोललं की त्याला सूप मिळत नाही. ही भूमिका करणारा लॅरी थॉमस तेव्हा प्रेक्षकांना माहीतही नव्हता. त्याला पाहुण्या कलाकाराच्या गटात एमीचं नामांकन मिळालं. शंभर टक्के पाहुणा, स्टंट शून्य.

आता उलटं टोक. ‘टू अँड अ हाफ मेन’मधून मुख्य नट चार्ली शीनला काढल्यावर सप्टेंबर २०११ मध्ये त्या जागी ॲश्टन कुचर आला. पहिला भाग सुमारे २ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. तो पाहुणा नव्हता, थेट मुख्य नट म्हणून घेतला होता. पण एवढ्या मोठ्या नावाची निवड प्रेक्षक टिकवायलाच होती. हा स्टंट, आणि पाहुणा मुळीच नाही. वडशाच्या पोस्टरवरच्या नटीची आणि कुचरची जात एकच.

आणि दोन्ही एकत्र? मार्च २००८ मध्ये ‘हाऊ आय मेट युवर मदर’मध्ये गायिका ब्रिटनी स्पीअर्स त्वचारोगाच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट म्हणून आली. मालिकेचं पुढे काय होणार याची चर्चा होती आणि ब्रिटनीचं नाव रोज बातम्यांत होतं. मोजक्या प्रसंगांची भूमिका, म्हणून पाहुणी. नावासाठी आणलेली, म्हणून स्टंट.

ब्रिटनीच्या उदाहरणाने आणखी एक समज मोडतो, आणि तो सगळ्यात चिवट आहे. लोक म्हणतात, नट स्वतःच्याच नावाने आला तर स्टंट, पात्र होऊन आला तर गेस्ट रोल. हा निकष टाकून द्या. ब्रिटनी पात्र होऊन आली होती, तरी तो स्टंट होता. उलट फेब्रुवारी १९९२ मध्ये ‘साइनफेल्ड’मध्ये बेसबॉलपटू कीथ हर्नांडेझ स्वतः कीथ हर्नांडेझ म्हणूनच आला, आणि दोन भागांची ती गोष्ट त्या मालिकेच्या उत्तम कामांपैकी एक आहे. मालिकेचा नायक जेरी बेसबॉलचा वेडा. आवडत्या खेळाडूशी दोस्ती झाल्यावर तो एखाद्या प्रेमात पडलेल्या पोरासारखा फोनची वाट बघत बसतो. मग कीथ त्याला घर हलवायला मदत मागतो, आणि इतक्या नव्या ओळखीत एवढं मागायचं असतं का, यावर जेरी अडतो. नाव खरं आहे, पण गोष्ट जेरीच्या स्वभावातून निघते.

स्टंट चांगला की वाईट हे इथे ठरतं. हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपेक्षा वेगळा आहे: आलेल्या माणसाची मुळं मालिकेच्या कायमच्या पात्रांमध्ये आहेत का?

‘फ्रेंड्स’चा २८ जानेवारी १९९६ चा भाग यासाठी दोनदा पाहावा. अमेरिकेत सुपर बोल हा फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना असतो. त्याच्या लगेच नंतरची वेळ मिळाली म्हणून तासाभराच्या त्या भागात तारे भरले. पाहणारे ५ कोटींच्या वर गेले. अख्खा भागच स्टंट होता, यात वाद नाही. पण आतल्या दोन धाग्यांतला फरक बघा. सिनेमातली ज्युलिया रॉबर्ट्स झाली सूझी, मालिकेतल्या चँडलरची शाळेतली वर्गमैत्रीण. लहानपणी त्याने सगळ्यांसमोर तिचा फ्रॉक वर केला होता, आणि ती इतक्या वर्षांनी त्याचा सूड घेते. हॉटेलच्या संडासात त्याला सोडून, त्याचे कपडे घेऊन ती निघून जाते. या धाग्याला चँडलरचं बालपण लागतं, त्याचा बावळटपणा लागतो. ज्युलियाच्या जागी कोणी अनोळखी पण चांगली नटी असती तरी गोष्ट उभी राहिली असती. दुसऱ्या धाग्यात ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम स्वतः म्हणून येतो आणि मोनिका-रेचल त्याच्यावरून भांडतात. तिथे व्हॅन डॅमच का, याला उत्तर नाही. त्या आठवड्यात मोकळा असलेला दुसरा कोणताही ॲक्शन हिरो चालला असता. दोन मैत्रिणींना भांडायला कारण हवं होतं, कारणाच्या जागी नट उभा केला.

आपल्याकडचं लग्न डोळ्यांपुढे आणा. मामा एका दिवसापुरताच येतो, पण नवरीला बोहल्यावर आणायला तोच लागतो. आमदार येतात तेव्हा मंगलाष्टकं थांबतात, फोटो निघतात, आणि ते गेल्यावर लग्न होतं तिथून पुढे सुरू होतं. दोघेही पाहुणेच.

स्टंट म्हणजे वाईटच, असं मानणाऱ्यांनी ‘फ्रेंड्स’चाच नोव्हेंबर २००१ मधला ब्रॅड पिटचा भाग पाहावा. तेव्हा तो रेचलचं काम करणाऱ्या जेनिफर ॲनिस्टनचा खऱ्या आयुष्यातला नवरा होता आणि हे सगळ्या प्रेक्षकांना ठाऊक होतं. लेखकांनी त्याला रेचलचा शाळेपासून द्वेष करणारा माणूस केलं. रॉससोबत त्याने रेचलच्या विरोधात चक्क एक मंडळ काढलेलं असतं. नावाचा पुरेपूर वापर, तरी गोष्टीत पक्का बसलेला. ‘विल अँड ग्रेस’मध्ये २००० साली गायिका शेर आली, तेव्हा तिचा निस्सीम भक्त जॅक तिलाच नक्कल करणारा कोणी समजतो आणि शेरसारखं कसं वागायचं हे शेरला शिकवतो. हे लिखाण अव्वल आहे, कारण हसू जॅकचं आहे. पाहुणी फक्त निमित्त आहे.

नियम म्हणून हेच लक्षात ठेवावं: हसू कायमच्या पात्राकडे राहायला हवं. १९५५ मध्ये ‘आय लव्ह लूसी’त सिनेनट विल्यम होल्डन आला तेव्हाही हेच केलं. लूसी ओळख लपवायला खोटं नाक लावते आणि सिगारेट पेटवताना ते नाकच पेटतं. होल्डन त्या प्रसंगात विनोद न करणारा, समोरचा साधा माणूस आहे.

बिघडतं कुठे, तेही याच्यावरून कळतं. अमेरिकन सिटकॉमचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा, त्यात दोन-तीन धागे. पाहुण्याने सात-आठ मिनिटं खाल्ली की दुसरा धागा वाळून जातो. प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या मालिकेत दार उघडून तारा आत आला की टाळ्या पडतात, आणि त्या थांबेपर्यंत बाकीचे नट गोठून उभे राहतात. त्याने विनोदाची लय तुटते. नट पाचही दिवस वाचन-तालमीला आला तर बाकीचे त्याच्या बोलण्याला प्रतिसाद बसवतात. एकाच दिवसापुरता आला तर त्याचे सगळे प्रसंग एकाच सेटवर उरकावे लागतात, म्हणून कायमची पात्रं एकेक करून त्याच खोलीत येत राहतात. असा भाग पाहताना हे मोजून बघा.

सगळ्यात मोठा बिघाड मात्र स्वभावाचा. मालिकेतला कंजूष अचानक पाहुण्यासाठी पैसे उडवतो, खडूस म्हातारी लाजते, सगळेच चाहते होतात. वर्षानुवर्षं बांधलेली पात्रं एका संध्याकाळसाठी मोडतात. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मध्ये गोकुळधाम सोसायटीत सिनेमाच्या जाहिरातीला नट येतात तेव्हा हेच होतं. सगळी सोसायटी अंगणात जमते, सिनेमाची तारीख सांगितली जाते, गाण्यावर पाय थिरकतात, आणि जेठालालची त्या दिवशीची अडचण तशीच लोंबकळत राहते. त्या भागांना ‘गेस्ट रोल’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. तिथे रोलच नसतो. ‘चला हवा येऊ द्या’ची गोष्ट निराळी. तो सिटकॉम नाही, सिनेमाची मंडळी समोर बसणं हा कार्यक्रमाचा साचाच होता, त्यामुळे तिथे कथा थांबण्याचा प्रश्न येत नाही.

वेळेचंही थोडं सांगतो. अमेरिकेत नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै हे ‘स्वीप्स’चे, म्हणजे प्रेक्षक मोजण्याचे महिने. गावोगावच्या केंद्रांचे जाहिरातीचे दर त्या आकड्यांवर ठरत, म्हणून पाहुण्यांची गर्दी नोव्हेंबर-फेब्रुवारी-मे मध्ये जास्त. वरच्या काही तारखाही याच महिन्यांतल्या आहेत. आपल्याकडे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात, त्यामुळे हंगाम नाही. चेहरा सिनेमा लागण्याच्या आठवड्यात येतो. बार्कने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरंही मोजायला घेतली, तेव्हा खेड्यातल्या टीव्हीपुढे कोणाचं नाव चालतं हाही हिशेब त्यात आला.

बाकीच्या शब्दांवर वाद घालण्यात अर्थ नाही. कॅमिओ म्हणजे क्षणभराचं दर्शन. ‘विशेष भूमिका’ हे श्रेयनामावलीत कसं लिहायचं याचं ठरलेलं. क्रॉसओव्हर म्हणजे एका मालिकेचं पात्र दुसऱ्या मालिकेत.

मोठं नाव म्हणजे स्टंट, असं मात्र समजू नये. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव पोस्टरवर असलं की लोक येतात, पण त्यांना बोलावतात ते विनोदी भूमिका त्यांच्याइतकी कोणी पेलत नाही म्हणून. ‘बिग बँग थिअरी’त बॉब न्यूहार्ट लहान मुलांच्या जुन्या विज्ञान कार्यक्रमाचा थकलेला सूत्रधार होऊन आला आणि २०१३ मध्ये त्याला कारकिर्दीतली पहिली एमी मिळाली, तेही याच कारणाने.

आता जे कोणी मंडळासाठी संहिता लिहितात त्यांच्यासाठी. मुंबईचा चेहरा ठरला असेल तर आधी भूमिका नावाशिवाय लिहा. तिचं नायकाशी जुनं देणं-घेणं ठेवा: उसने पैसे, मोडलेली सोयरीक, धुऱ्याचं म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, काहीही. पहिला प्रवेश पडदा उघडल्या उघडल्या देऊ नका. एक-दोन प्रसंग गावचीच पात्रं खेळू द्या, म्हणजे आलेल्या माणसाने काय हललं ते दिसेल. शिट्ट्या-टाळ्यांसाठी थोडी जागा सोडा, त्या वेळात गोष्टीचं महत्त्वाचं वाक्य ठेवू नका, नाहीतर ते बुडतं. पाहुण्याला एकदा तरी हरू द्या. तालमीला वेळ नसेल तर त्याची वाक्यं आखूड ठेवा आणि प्रॉम्प्टरला त्याच्या बाजूच्या विंगेत बसवा. आणि पोस्टर छापायला देण्याआधी कंपनीतल्याच एकाला ती भूमिका पाठ करायला लावा. ऐनवेळी गाडी नागपूरलाच अडकली आणि त्या बदली नटाने रात्र निभावून नेली, तर भूमिका बरोबर लिहिली होती.