ग्राफिक्स कार्डमार्फत ध्वनी

संगणकाचा आवाज मदरबोर्डच्या जॅकमधून न घेता ग्राफिक्स कार्डच्या एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबलने टीव्ही, मॉनिटर अथवा होम थिएटर रिसीव्हरपर्यंत नेण्याची पद्धत. ग्राफिक्स कार्ड आवाज तयार करत नाही, फक्त वाहून नेते. प्लेअरने दिलेले आकडे ते जसेच्या तसे पुढे सोडते आणि त्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारा डॅक पलीकडच्या उपकरणात असतो. त्यामुळे ‘कुठल्या ग्राफिक्स कार्डचा आवाज चांगला’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही; विचारायचेच तर रिसीव्हरबद्दल विचारावे.

एचडीएमआय केबलमध्ये संगणकाकडून जाणाऱ्या आवाजासाठी वेगळी तार नसते. चित्र ओळीओळीने जाते आणि प्रत्येक ओळीनंतर, तसेच प्रत्येक फ्रेमनंतर, थोडा वेळ रिकामा जातो. पिक्चर ट्यूबच्या काळात इलेक्ट्रॉनांच्या झोताला मागे परतायला हा वेळ लागे. ट्यूब गेली, पण मोकळी जागा राहिली आणि आयत्या बिळात नागोबा यावा तसा आवाज तिथे येऊन बसला. १०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने जाताना एका ओळीत घड्याळाचे २,२०० ठोके असतात. त्यातले १,९२० चित्राचे, २८० रिकामे. शिवाय एकूण १,१२५ ओळींपैकी ४५ ओळींत चित्रच नसते. आठ चॅनल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० नमुने) असा भरगच्च ध्वनी म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट. तेवढा या फटींत आरामात मावतो. आवाजाचे घड्याळही वेगळे पाठवले जात नाही. कार्ड दोन आकडे कळवते, उदाहरणार्थ ६,१४४ आणि १,४८,५००. रिसीव्हर १४८.५ मेगाहर्ट्झच्या चित्र-घड्याळाला पहिल्याने गुणतो, दुसऱ्याने भागतो आणि ६.१४४ मेगाहर्ट्झ, म्हणजे आवाजाच्या ४८ किलोहर्ट्झ नमुनादराच्या बरोबर १२८ पट, मिळवतो.

एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ चे. पण ग्राफिक्स कार्डांना आवाज मिळायला वेळ लागला. एनव्हिडियाच्या त्या काळातल्या अनेक कार्डांवर दोन पिनांचे छोटे कनेक्टर असे आणि मदरबोर्डवरून त्यात एस/पीडीआयएफ या डिजिटल आवाजाच्या जोडणीची बारीक वायर ओढावी लागे. त्या वाटेने दोन चॅनलचा साधा किंवा ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) कंप्रेस केलेला आवाजच जाई. एटीआयने २००७ च्या रेडिऑन एचडी २००० मालिकेत ऑडिओ कंट्रोलर थेट चिपमध्येच घातला. २००८ च्या ४००० मालिकेत ७.१ चॅनलचा अनकंप्रेस्ड आवाज आला. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाजाचे फॉरमॅट न उलगडता रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय २००९ च्या ५००० मालिकेत आली. आज हे सारे गृहीत धरले जाते. एकाच कार्डची दोन उपकरणे ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतात, एक चित्राचे आणि एक आवाजाचे, ते यामुळेच.

आवाज चित्राच्या पाठीवर बसून जात असल्याने चित्र बंद, तर आवाज बंद. रिसीव्हर नुसता आवाजासाठी जोडला तरी संगणक त्याला मॉनिटरच समजतो. मग डेस्कटॉप नसलेल्या पडद्यावर पसरतो आणि माउसचा बाण कडेपलीकडे जाऊन गडप होतो. डेस्कटॉप डुप्लिकेट करणे हा त्यावरचा नेहमीचा, जरा ओबडधोबड उपाय. आवाज सुरू होताना पहिला शब्द अर्धा गिळला जातो, कारण रिसीव्हर घड्याळ जुळेपर्यंत म्यूट राहतो. काही ड्रायव्हर त्यासाठी शांततेचाच प्रवाह अखंड चालू ठेवतात.

कोणते फॉरमॅट चालतात हे पलीकडचे उपकरण ईडीआयडी नावाच्या छोट्या माहितीतक्त्यातून सांगते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. संगणक टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडला असेल तर कार्ड टीव्हीचा तक्ता वाचते. त्यात फक्त स्टिरिओ लिहिले असेल, तर साउंडबार कितीही महागडा असो, सेटिंगमध्ये ५.१ चा पर्याय उमटतच नाही. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसण्यापेक्षा केबल आधी रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला नेऊन पाहावी. हेडफोन वापरणाऱ्याला मात्र या पद्धतीचा थेट उपयोग नाही, कारण ग्राफिक्स कार्डला अ‍ॅनालॉग ऑडिओ जॅक नसतो.