ब्रिटनमध्ये आश्रय नाकारला की लगेच विमानात बसवतात?

बरीच वर्षं फिरणारा एक फॉरवर्ड आहे, 'ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज फेटाळला की दुसऱ्या दिवशी हाकलतात, अपील वगैरे नुसतं नावाला.' असं वाटणं साहजिक आहे म्हणा, नकाराचं पत्र वाचलं की कुणाचाही धीर सुटेल.

पण तिथला 2002 चा इमिग्रेशन कायदा आहे ना, त्याचं कलम 78 सरळ सांगतं की अपील पेंडिंग असेपर्यंत माणसाला देशाबाहेर काढता येत नाही. मात्र तयारीचे कागद, काही प्रकरणांत हद्दपारीचा आदेशसुद्धा, त्या काळात निघू शकतो आणि बहुतेक गैरसमज इथंच होतो, आदेश हातात पडला म्हणजे निघालोच असं लोक धरून चालतात. अपील चालू असताना आपणहून देश सोडला तर मात्र अपील सोडून दिलं असं धरतात, कलम 104.

आता दुसरी बाजू. दावा उघडच निराधार ठरवला असेल तर 2022 पासून अपीलच करता येत नाही. मग ज्युडिशियल रिव्ह्यू उरतो, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का हे न्यायाधीशांकडून तपासून घेणं, पण त्याला कलम 78 लागू नाही, स्टे, म्हणजे हाकलण्याला तात्पुरती स्थगिती, वेगळा मागावा लागतो.

ब्रिटन सरकारच्या कायद्यांच्या वेबसाइटवर दोन्ही कलमं फुकट वाचता येतात, आणि पत्रात अपील करता येतं का आणि कुठून, ती ओळ आधी शोधा.