सूर रांगोळीत दिसतो का? एल्बो, फुगा आणि ओंकार

सकाळी दारात रांगोळी काढताना मी मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावते, पट्टी काळी चार, आणि ठिपके मांडता मांडता ओंकार, जिन्यात कोणी नसेल तर मोठ्याने, नाहीतर मनातल्या मनात. याला साधना म्हणायची माझी हिंमत नाही पण तेवढी वीस मिनिटं डोकं शांत असतं हे खरं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, त्यामुळे तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आला की लगेच मला टॅग. तोच हो, ओम ऐकू येतो, वाळू थरथरते आणि बघता बघता श्रीयंत्र तयार. यावेळी मामेसासऱ्यांनी टाकला होता, खाली "आता सायन्सनेही मानलं".

म्हटलं करूनच बघू की.

हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी एल्बो (पाइप वळवायचा काटकोनी तुकडा) आणला, एक काळा फुगा कापून त्याच्या एका तोंडावर ताणून बसवला, वर चिमूटभर रांगोळी भुरभुरवली आणि दुसऱ्या तोंडातून सा लावला. काळी चारचा सा म्हणजे सेकंदाला साधारण 208 कंपनं. काहीच झालं नाही. रांगोळी नुसती थरथरली. मग सूर हळूहळू वर सरकवत गेले आणि एका ठिकाणी, नक्की स्वर कुठला ते सांगता यायचं नाही, रांगोळी अक्षरशः उडाली आणि एक स्वच्छ वर्तुळ उमटलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. अजून वर गेले तर वर्तुळ मोडलं आणि मधून जाणाऱ्या रेषा आल्या.

होतं काय की ताणलेला पडदा सगळीकडे सारखा हलत नाही. काही भाग जोरात वरखाली होतात आणि त्यांच्या मधल्या काही रेषा जवळजवळ स्थिर राहतात. हलणाऱ्या जागेवरची रांगोळी उडत उडत जिथे धक्का बसत नाही तिथे जाऊन बसते, म्हणजे आपल्याला जे डिझाइन दिसतं ती पडद्याची न हलणारी जागा. गोल पडद्यावर हे मुख्यतः वर्तुळं आणि मधून जाणाऱ्या सरळ रेषा, किंवा त्यांची सरमिसळ. श्रीयंत्रातले ते नऊ एकमेकांत गुंतलेले त्रिकोण काही माझ्या एल्बोवर आले नाहीत, आणि येण्यासारखं कारणही नाही. फुगा जरा जास्त ताणला की त्याच सुराला वेगळीच आकृती. म्हणजे चित्र एकट्या सुराचं नसतं, सूर आणि पडदा दोघांचं मिळून असतं, आणि तो व्हिडिओ नेमका हाच भाग गिळून टाकतो.

जर्मनीचे शास्त्रज्ञ क्लाडनी यांनी 1787 मध्ये याच आकृत्या पुस्तकात छापल्या होत्या, धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज फिरवायचे. नेपोलियनने ते पाहिलं आणि यामागचं गणित शोधणाऱ्याला बक्षीस लावलं, ते शेवटी 1816 मध्ये सोफी जर्मेन या गणितज्ञ बाईंनी मिळवलं. त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

पण खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी रांगोळीऐवजी अंगाला लावायची टाल्कम पावडर टाकली. तोच फुगा, शक्य तितका तोच सूर, आणि चित्र बरोब्बर उलटं! जिथे रांगोळी उडून जात होती तिथेच पावडरचे छोटे छोटे ढीग जमून गरगरायला लागले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तर हे कोडं इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्येच सोडवलेलं. पडदा हलतो तशी त्याच्या अगदी लगत हवाही बारीक प्रवाहांनी फिरते आणि हलकी पूड त्या हवेबरोबर वाहत जाते, जड कणांना तिचा फरक पडत नाही. फॅरडेंनी हवा काढून घेऊन बघितलं तर बारीक पूडही मुकाट्याने स्थिर रेषांवर जाऊन बसली.

हे सगळं करताना मला सारखी मार्गारेट वॉट्स ह्यूज आठवत होती. वेल्समधल्या डाउलेस गावची ही गायिका, 1885 मध्ये आवाजाचा जोर मोजायला म्हणून तिने एक साधन केलं, नळी, पोकळ भांडं आणि वर ताणलेला पडदा, म्हणजे थोडक्यात माझा एल्बोच पण देखणा. पडद्यावरच्या दाण्यांनी आकृत्या काढल्या आणि मोजमाप राहिलं बाजूला. मग ती ओला रंग पसरून गायची आणि फुलं, नेचे, शिंपले असावेत अशी चित्रं काचेवर उतरवून घ्यायची. लंडनमध्ये ती बेघर मुलांसाठी घरही चालवायची. श्रद्धाळू बाई होती, या आकृत्यांत तिला निसर्ग घडवणाऱ्या देवाचा हात दिसायचा. पण मला ती आवडते ती वेगळ्याच कारणाने, रंग किती पातळ, सूर किती जोरात, यात काय बदललं की काय बदलतं याच्यामागे ती वर्षानुवर्षं लागली होती. देव दिसला म्हणून तिने निरीक्षण सोडलं नाही.

आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनीही वाद्याच्या पुडीवर, म्हणजे ताणलेल्या चामड्यावर, वाळू टाकून बघितली होती. साध्या पडद्याच्या मूळ सुराबरोबर जे वरचे सूर उमटतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ हिशेबात बसत नाहीत, पहिलाच 1.59 पट येतो, म्हणून साधा ढोल "सुरात" वाटत नाही. तबला, मृदंगावर मधोमध शाई, म्हणजे तो काळा गोल, असते, तिच्या वजनाने हा विस्कटलेला हिशेब जवळजवळ पूर्णांकात येतो. हे रामन यांनी 1920 च्या सुमारास दाखवलं. कुणा अनाम कारागिराने ते त्याआधी कितीतरी पिढ्या नुसत्या कानाने साधलं होतं, हे मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

आणि डोकं शांत होतं त्याचं काय? त्यासाठी फुगा लागतच नाही. 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम" हा बौद्ध मंत्र म्हणून घेतला, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला. शरीरात रक्तदाब सांभाळणारी जी यंत्रणा आहे तिचीही लय जवळपास तेवढीच, दहा सेकंदांची, त्यामुळे श्वास आणि हृदयाचे ठोके एका तालात यायला लागतात. मी घड्याळ लावून बघितलं, माझा एक ओंकार श्वास घेण्यासकट दहा-अकरा सेकंदांचा. शब्द वेगळे, धर्म वेगळा, लांबी तेवढीच. त्यात ठिपके मोजत रेघ ओढताना नजर एका जागी, हात सावकाश, मग डोक्यात भाजीवाल्याचे पैसे यायला जागा कुठून राहणार (तरी येतातच कधीकधी).

मामेसासऱ्यांना मी दोन्ही फोटो पाठवले, रांगोळीचा आणि पावडरचा, खाली लिहिलं की सूर एकच आहे, मग यातलं ओमचं चित्र कुठलं ते तुम्हीच सांगा. दोन तास ब्लू टिक. मला वाटलं रागावले. मग रिप्लाय आला, "एल्बो किती इंची घ्यायचा?"