युमासेटी: आमिश पंगतीतल्या कॅसरोलची पार्श्वभूमी

कॅसरोल म्हटलं की आपल्याकडे पोळ्या गरम ठेवायचा झाकणाचा डबा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत भांड्यालाही कॅसरोल म्हणतात आणि त्यात भाजलेल्या पदार्थालाही. नूडल्स किंवा बटाटे, मांस, दाट सॉस आणि चीज पसरट भांड्यात रचायचं आणि ओव्हनमध्ये भाजून त्याच भांड्यातून वाढायचं. ओहायो आणि इंडियाना या राज्यांतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांत या प्रकारातला अगदी घरोघरचा पदार्थ म्हणजे युमासेटी. गोमांसाचा खिमा, अंड्याच्या रुंद नूडल्स, टोमॅटो सूप, मशरूमचं किंवा चिकनचं क्रीम सूप आणि प्रोसेस्ड चीज, एवढाच त्याचा पसारा.

पाककृतींच्या पुस्तकांत तो ‘पारंपरिक आमिश’ म्हणून छापला जातो आणि वाचणारा गृहीत धरतो की हे लोक युरोपातून येताना तो सोबत घेऊन आले असतील. तसं नाही. आमिश पंथ १६९३ मध्ये याकोब अम्मानच्या नेतृत्वाखाली स्वित्झर्लंड-अल्सास भागातल्या ॲनाबॅप्टिस्टांतून (मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घेणारे ख्रिस्ती) वेगळा झाला. अठराव्या शतकात ही कुटुंबं पेनसिल्व्हेनियात आली. तिथून काही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोच्या होम्स काउंटीत आणि १८४०च्या दशकात उत्तर इंडियानात गेली. त्यांच्यासोबत आले ते कणकेचे उकडलेले गोळे, वाळवलेली सफरचंदं, आंबवलेली कोबी आणि घरच्या नूडल्स. युमासेटीत लागणारं मशरूमचं डबाबंद सूप कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये आणलं. म्हणजे ‘परंपरा’ जेमतेम नव्वदीची.

मग घोडागाडीने फिरणारे आणि घरात विजेची तार न घेणारे हे लोक डबाबंद सूप कसं वापरतात? हा प्रश्न बाहेरच्यांना नेहमी पडतो आणि तो थोडा चुकीच्या जागेवरून विचारलेला असतो. आमिश दुकानाच्या विरोधात नाहीत. एखादी वस्तू समाजाला बाहेरच्या जगाशी कायमची जोडून टाकेल का, हा त्यांचा निकष. विजेच्या खांबावरून येणारी तार पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या धर्मप्रमुखांनी १९१९च्या सुमारास नाकारली ती याच विचाराने. सिलिंडरमधला गॅस, रॉकेलची शेगडी आणि काचेची बरणी यांनी तसं काही होत नाही. सूपचा डबाही त्यातच मोडतो. दुकानातून आणला, उघडला, संपला.

नावाचा माग ओहायोच्या कोलंबस शहरात लागतो. तिथे १८९६ मध्ये टेरेसा मार्झेटी या इटालियन बाईंनी खाणावळ काढली. तिच्या नावाशी जोडला जाणारा ‘जॉनी मार्झेटी’ हा खिमा, मॅकरोनी, टोमॅटो आणि चीजचा पदार्थ पुढे ओहायोतल्या शाळांच्या जेवणघरांत रुळला. जॉनी म्हणजे टेरेसाबाईंचा दीर, असं सांगतात; त्या गोष्टीवर फार भार टाकू नये. आमिश घरात जी जर्मन बोली बोलतात तिच्यात ‘ज’चा ‘य’ होतो, त्यामुळे जॉनी मार्झेटीचं युमासेटी झालं असं समजणं सरळ वाटतं. आमिश स्वयंपाकघरात आल्यावर त्यात दोन बदल झाले. मॅकरोनीच्या जागी अंड्याच्या नूडल्स आल्या आणि टोमॅटोच्या जोडीला पांढरं क्रीम सूप आलं. नूडल्समागे घरचा हिशेब आहे. एंजल फूड केकला डझनभर अंड्यांचा नुसता पांढरा भाग लागतो. उरलेल्या बलकांचं काय करायचं, तर मैद्यात मळून, पातळ लाटून, कापून नूडल्स वाळवायच्या.

हा पदार्थ कोणत्या जेवणाचा, हेही पाहायला हवं. रविवारच्या प्रार्थनेनंतरचा नाही. आमिशांना चर्चची इमारत नसते; दर दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात प्रार्थना होते. बाकं एका गाडीतून घरोघर फिरतात आणि प्रार्थना संपली की घोड्यांवर चढवून त्यांचीच टेबलं होतात (घोडे म्हणजे लाकडी, गाडीचे नव्हेत). शे-दीडशे माणसं दोन-तीन पंगतींत जेवतात, पण रविवारी रांधण्याचे कष्ट नकोत म्हणून जेवण थंडच: पाव, चीज, शेंगदाण्याच्या लोण्यात मार्शमॅलो क्रीम कालवून केलेलं गोड लावण, लोणच्याच्या काकड्या, बीट, कॉफी. लँकेस्टरच्या लग्नातला मान ‘रोस्ट’चा. कोंबडीचं सोललेलं मांस, पावाचे तुकडे, सेलरी आणि लोणी एकत्र करून भाजलेला हा पदार्थ युमासेटीपेक्षा जुना आहे आणि चवीने वरचढ. युमासेटीचा दिवस कामाचा असतो: कोठार उभारायला जमलेली माणसं, मयताच्या घरी शेजारणींनी पोचवायचं जेवण, शाळेची सहल, तरुण मुलांचं संध्याकाळचं गाणं.

करण्यात अवघड काही नाही, पण प्रमाण चुकलं की लगदा होतो. ३३ बाय २३ सेंटिमीटरच्या, पाच सेंटिमीटर खोल भांड्याला ७०० ग्रॅम खिमा, एक मोठा कांदा, ३५० ग्रॅम सुक्या नूडल्स, टोमॅटो सूपचा एक डबा, क्रीम सूपचा एक डबा (दोन्ही सुमारे ३०० ग्रॅमचे), अर्धा कप दूध आणि सव्वादोनशे ग्रॅम चीज. सोबत कोशिंबीर, पाव आणि पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) असेल तर दहा-बारा जणांना पुरतं. सकाळपासून तुळया चढवणारी माणसं असतील तर आठच धरावीत. खिमा कांद्याबरोबर परतून सुटलेली चरबी निथळून टाकायची. ती राहिली तर भाजताना वर येऊन चीजवर तेलाचं तळं साचतं. सुपात मीठ भरपूर असतं, म्हणून खिम्यात मिरी घालावी, मीठ नाही.

नूडल्स पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधी उतरवायच्या. पुढे त्या तासभर ओव्हनमध्ये आणि आणखी तासभर टेबलावर सूप पीत बसणार असतात. पूर्ण शिजवून घातल्या की वाढेपर्यंत त्यांची खीर. म्हणूनच भाजायच्या आधी मिश्रण डोळ्यांना जरा जास्तच सैल दिसलं पाहिजे. ओव्हनमध्ये जातानाच ते घट्ट असेल तर ताटात कोरडी वडी पडते.

टोमॅटो सूप खिम्यात आणि दुधाने सैल केलेलं क्रीम सूप नूडल्समध्ये कालवून आलटून पालटून थर देतात, मध्ये चीज. दिसण्यापुरतं नाही हे. डबाबंद सुपातला स्टार्च दूध सांभाळून घेतो, पण क्रीम सूपऐवजी घरचा पांढरा सॉस असेल तर टोमॅटोच्या आंबटपणाने तो फाटतो. दोन्ही वेगळे ठेवले की धोका बराच कमी होतो. चीजही प्रोसेस्डच का, तर त्यातले क्षार चरबी आणि पाणी धरून ठेवतात. मुरलेलं चेडार चवीला चांगलं, पण तासभर भाजल्यावर त्याचं तूप वेगळं आणि चामडं वेगळं होतं. ज्यांना ते हवंच असतं त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत वर किसावं. त्यावर लोण्यात परतलेला पावाचा चुरा.

ओव्हन १७५ अंश सेल्सिअस. पहिली चाळीस मिनिटं झाकून, नंतर पंधरा-वीस उघडं. मधोमध तापमान ७४ अंशांना पोचायला हवं. कडा खदखदतात तेव्हा मध्य अजून कोमट असू शकतो. आदल्या दिवशी रचून बर्फघरात किंवा गॅसच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं भांडं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं जादा लागतात, आणि ते काचेचं असेल तर थेट गरम ओव्हनमध्ये गेल्यावर तडकू शकतं. पंगतीसाठी मुलाम्याची किंवा ॲल्युमिनियमची भांडी त्याचसाठी. मोठ्या जमावासाठी एकाच खोल भांड्यात दुप्पट माल भरायचा मोह होतो. थराची जाडी दुप्पट झाली की उष्णता आत पोचायला जवळपास चौपट वेळ लागतो, तोवर कडा करपतात. दीडशे माणसांना तेरा-चौदा उथळ भांडी चार-पाच घरांत वाटून देणं हाच खरा उपाय, आणि आमिश वस्तीत तो आधीपासून तयार असतो.

खिमा पुष्कळदा बरणीतला असतो. थंडीत जनावर कापलं की मांस काचेच्या बरण्यांत भरून ठेवतात. वीज नसलेल्या घरात मोठा फ्रीजर नसतो. या बरण्या उघड्या पातेल्यात तीन-तीन तास उकळण्याची सवय जुन्या घरांत अजून दिसते आणि ती धोक्याची आहे. पाणी शंभर अंशांवर जात नाही आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू त्या तापमानाला टिकून राहतात. प्रेशर कॅनरमध्ये (बरण्यांसाठीचा मोठा प्रेशर कुकर) तापमान ११५ अंशांच्या आसपास जातं. समुद्रसपाटीच्या जवळपास वजनाच्या शिट्टीवर दहा पौंड दाब, साधारण एक लिटरच्या बरणीला ९० मिनिटं, अर्ध्या लिटरच्या बरणीला ७५. बरणीतला खिमा आधीच शिजलेला असतो, त्यामुळे तो परतायचा नाही, फक्त निथळून घ्यायचा.

मग भांडं पोचवायचं. घोडागाडी तासाला बारा-पंधरा किलोमीटर जाते, म्हणजे शेजारच्या वस्तीलाही अर्धा-पाऊण तास. ओव्हनमधून काढल्याबरोबर झाकून, वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या आणि जाड पंचा गुंडाळून लाकडी खोक्यात घट्ट बसवलं तर एवढ्या वेळात ते साठ अंशांखाली सहसा येत नाही. सैल ठेवलं तर चढावर सूप कडेने सांडतं. पोचल्यावर उरलेलं दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून थंड करायला ठेवतात.

भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. जेवणं झाल्यावर धुणाऱ्या बायका भांडी पालथी घालूनच ओळीत लावतात, म्हणजे जाताना ज्याचं त्याला सापडतं.