डिचोली-सत्तरीतील खनिज वाहतूक

सह्याद्रीच्या पायथ्याशी गोव्यातील डिचोली आणि सत्तरी तालुक्यांच्या डोंगरांत लोहखनिज सापडते. खाणीपासून नदीचा धक्का जवळ आणि धक्क्यापासून समुद्रापर्यंत भरतीच्या पाण्याची वाट, हे या पट्ट्याचे खरे भांडवल. एरवी इतके कमी प्रतीचे खनिज परदेशी पाठवणे परवडले नसते.

पोर्तुगीज राजवटीत कन्सेशन म्हणजे खाणकामाचे हक्क देऊन खाणी सुरू झाल्या. निर्यातीने १९४७ नंतर जोर धरला आणि जपान मोठा ग्राहक ठरला. सुरुवातीला कुदळ-फावड्याने खणून माती पाट्यांतून वाहिली जाई. त्या पाट्या डोक्यावर घेणाऱ्यांत बायकाही होत्या, याची आठवण ठेवायला हवी. पुढे यंत्रे आली. खनिज ट्रकांतून सुर्ला, सारमानस, आमोणे येथील धक्क्यांवर आणि तिथून बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांतून, मांडवी नदीमार्गे मुरगाव बंदरात जाऊ लागले. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूची पट्टी धोक्याची होते. तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरून बंदर गाठतात.

एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डंप, म्हणजे ढिगारे, गावांच्या डोक्यावर उभे राहिले. पहिल्या जोरदार पावसात डंपाची माती ओहोळातून शेतात उतरते आणि भाताच्या रोपांवर तांबडा गाळ साचतो. शिरगावसारख्या ठिकाणी खंदक भूजलपातळीच्या खाली गेले, उपशामुळे विहिरी आटल्या. रस्त्यालगतच्या माडांची झावळेही तांबडी दिसत. त्याच रस्त्यावर घराघरांतला एखादा ट्रक कर्जावर घेतलेला असे, म्हणून खाण हवी की नको हा प्रश्न इथे कधीच सोपा नव्हता.

२०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात ४ कोटी टनांहून अधिक होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा ठेवून वाट मोकळी केली, पण नूतनीकृत ८८ लीज (खाणपट्टे) फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाल्या. बार्ज नदीकाठी उभ्या राहिल्या, ट्रक विकले गेले. डिसेंबर २०२२ पासून लिलावाने खाणक्षेत्रांचे ब्लॉक दिले जाऊ लागले आणि २०२४ मध्ये डिचोली ब्लॉकमध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. गावातून ट्रक न्यावेत की स्वतंत्र रस्त्याने, हा जुना वाद मात्र त्याबरोबरच परत आला आहे.