मुलांना आफ्रिकेचा इतिहास सांगताना ग्रेट झिंबाब्वे का सांगायचं

मुलांच्या पुस्तकांत आफ्रिका बऱ्याचदा गुलामांच्या जहाजांपासून नाहीतर लिव्हिंगस्टन या युरोपीय प्रवाशापासून सुरू होते, म्हणजे बाहेरचे लोक आले की मगच इतिहास. हे असं कसं झालं ते कळायला आजच्या झिंबाब्वे देशातलं ग्रेट झिंबाब्वे हे जुनं दगडी शहर बघायलाच हवं.

साधारण ११व्या ते १५व्या शतकात तिथल्या शोना लोकांच्या पूर्वजांनी ग्रॅनाइटचे दगड चुना वगैरे काही न वापरता नुसते एकावर एक रचून हे शहर बांधलं, मोठ्या कोटाची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे आणि अजून उभी आहे. इथलं सोनं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला आणि किल्वा बंदरांतून समुद्रापार जायचं, उलट वाटेने चिनी आणि इराणी भांडी यायची, आपल्या भारतातले काचेचे मणीसुद्धा. मुलांना हे आधी सांगा, जाम आवडतं त्यांना.

१८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला आणि त्याने या शहराचा संबंध जोडला थेट बायबलमधल्या शेबाच्या राणीशी! हा मुलूख पुढे ताब्यात घेणाऱ्या सेसिल रोड्सच्या ब्रिटिश कंपनीला ते सोयीचंच होतं, बांधणारे परके ठरले की इथल्या लोकांचा जमिनीवरचा हक्कही कच्चा ठरवता येतो. अवशेषांच्या देखभालीसाठी नेमलेल्या रिचर्ड हॉलने तर साफसफाईच्या नावाखाली वरचे थरच उपसून टाकले, खरा पुरावा त्याच मातीत होता, फार वाईट वाटतं हे वाचताना. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून स्पष्ट सांगितलं की हे आफ्रिकन लोकांचंच काम आहे, तरी १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियातल्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला ते छापून यायला नको होतं. १९८० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा नाव याच शहराचं घेतलं, आणि तिथे सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर आला.

हे फक्त ऱ्होडेशियापुरतं नव्हतं. १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक ट्रेव्हर-रोपर आफ्रिकेला सांगण्यासारखा इतिहासच नाही अशा अर्थाचं जाहीरपणे बोलले होते. पुढच्याच वर्षी युनेस्कोने आफ्रिकेचा इतिहास नव्याने लिहायचं काम हाती घेतलं, त्यात आफ्रिकन इतिहासकार मोठ्या संख्येने होते, पहिला खंड जोसेफ की-झेर्बो यांनी संपादित केला, मूळ मालिकेचे ८ खंड झाले. पण ते जाडजूड अभ्यासकांचे ग्रंथ, मुलांच्या हाती देण्यासारखे नव्हेत. त्यावरून शाळांसाठी धडे तयार करायचा प्रकल्प सुरू व्हायला २००९ साल उजाडलं.